समुद्राचं दप्तर घरी नेताना

नमस्कार. आमच्या बालवाचनालयाचं निळं दप्तर तुमच्या हातात आहे. आत पाच चित्रपुस्तकं, एक भिंग, एक नकाशा आणि अ‍ॅनिमेशनपटांतले कोणते प्रसंग बघायचे त्याचा कागद आहे. सिनेमे घरच्या टीव्हीवर सापडतातच, त्यामुळे सीडी द्यायचं आम्ही केव्हाच बंद केलं. पण दप्तर घेताना बरेच आई-बाबा विचारतात, "याचं नेमकं करायचं काय?" म्हणून हे पत्रक.

सिनेमा सलग लावू नका. ही चूक आम्ही स्वतः केली आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशाचा २००३ सालचा तो सिनेमा, 'फाइंडिंग निमो', वाचनालयातच सतरंजी टाकून लावला होता. त्यात सुरुवातीलाच पिल्लाची आई जाते. चार वर्षांची दोघं हुंदके द्यायला लागली आणि एकाने "माझी आई कुठंय?" म्हणत थेट दार गाठलं. आता आम्ही पंधरा-वीस मिनिटांचा तुकडा लावतो, थांबवतो आणि पुस्तक उघडतो. पडद्यावरचा मासा सुळकन निघून जातो. पुस्तकातल्या माशावर बोट ठेवता येतं, त्याचे कल्ले कुठे ते शोधता येतं, आणि तेच पान सात वेळा मागता येतं. पाचच्या आतल्या मुलांना तर आम्ही नुसती पुस्तकंच द्या म्हणतो.

कार्टूनमध्ये चुका असतात, अशी तक्रार काही पालक करतात. आमचा तर सगळा धंदाच त्या चुकांवर चालतो! चूक पकडायची म्हटली की एरवी पाच मिनिटं न बसणारं मूल तासभर पुस्तक सोडत नाही. उदाहरणार्थ, कार्टूनमधलं समुद्री कासव घाबरलं की डोकं आणि पाय कवचात ओढून घेतं. खऱ्या समुद्री कासवाला ते जमतच नाही. त्याचे पाय वल्ह्यासारखे लांब-चपटे, ते आत मावणार कुठे? पुस्तकातलं तळ्यातलं कासव आणि समुद्रातलं कासव शेजारी शेजारी ठेवा आणि गप्प बसा. उत्तर मुलाला शोधू द्या. मार्च-एप्रिलमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जाणार असाल, तर हे पान आधी नक्की बघा. तिथे वाळूतून निघून पाण्याकडे जाणारी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तळहातावर मावतील एवढीच असतात, पण ती वल्ही तेव्हापासूनच तयार असतात.

त्या नारिंगी माशाचंही तसंच. खऱ्या समुद्रात त्यांच्या गटातली मादी मेली, की मोठा नर स्वतःच मादी होतो. म्हणजे सिनेमातले बाबा पुढे आई झाले असते. सात-आठ वर्षांची मुलं हे ऐकून लोळून हसतात, विषय बदलायची घाई मोठ्यांनाच असते.

एक घोटाळा मात्र आपल्या भाषेनेच केलाय: देवमासा. नावात मासा, पण तो मासा नाही. फुफ्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. कार्टूनमध्ये त्याच्या डोक्यावर बागेतलं कारंजं असतं. प्रत्यक्षात तो जोरात सोडलेला उच्छ्वास असतो, थंडीत आपल्या तोंडातून वाफ दिसते तसा. हे नुसतं सांगण्यापेक्षा मुलाला गादीवर पालथं झोपवा, दोन्ही पाय जुळवायला लावा. आधी पाय वर-खाली मारायचे: हा देवमासा. मग डावी-उजवीकडे: हा मासा. दुसऱ्यात कंबर लगेच कुरकुरते. आपला कणा देवमाशासारखा वर-खाली वाकणारा, माशाचा आडवा. शेपटीकडे बघून दोघांना ओळखायची युक्ती मग मूल विसरत नाही.

भिंग कशासाठी? मासे खाणारं घर असेल तर रविवारी मुलाला पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारात न्या. जिताडा किंवा रोहूचा एखादा मोठा खवला मागून घ्या. धुऊन, वाळवून, उजेडात धरून भिंगाखाली बघा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. पापलेट ओळखायला सांगा, २०२३ पासून तो आपला राज्यमासा आहे. आणि लेपा दिसला तर थांबाच. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. पिल्लू असताना दोन बाजूंना एकेक असतो. वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मग मासा तळाशी आडवा पडून राहतो. ही गोष्ट सिनेमावाल्यांनी रचली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता. शाकाहारी मंडळींसाठी लेप्याचं मोठं चित्र चौथ्या पुस्तकात आहे.

"पण आमच्याकडे कुठंय समुद्र?" हा प्रश्न येतोच. नकाशा त्यासाठीच दिलाय. भिडे पुलापासून बोट ठेवा. मुठा संगमावर मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला. भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते, मग कृष्णेला मिळते आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागरात. अलिबागचा समुद्र इतका जवळ, पण आपलं पाणी जातं पार उलट्या दिशेला. पुलावरून टाकलेलं वेफरचं पाकीट कुठल्या वाटेने जाईल, हे मुलं स्वतःच बोटाने दाखवतात. त्यावर प्रवचन देऊ नका.

प्रश्नपत्रिकाही काढू नका. "ऑक्टोपसला हृदयं किती?" असं विचारून मूल अडकलं, की दप्तर कोपऱ्यात जातं. तुम्हीच "अगं, याला म्हणे तीन हृदयं!" म्हणा आणि पान उलटा.

दप्तर दहा दिवस ठेवता येईल. पान फाटलं तर सेलोटेप लावू नका, त्याने कागद पिवळा पडतो. तसंच आणा, आम्ही गव्हाच्या खळीने चिकटवतो. कोकणात नेलंत तर परत देण्याआधी एकदा उलटं करून झटका. मागच्या मे महिन्यात एका दप्तरातून मूठभर वाळू निघाली आणि तिच्यासोबत एक जिवंत खेकडा.