परफॉर्मन्स एअर फिल्टर: डब्यातला की उघडा?

इंदूरमध्ये गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात ‘परफॉर्मन्स एअर फिल्टर’ मागितला, तर एकाच नावाने दोन निराळ्या वस्तू पुढे येतात. पहिला पॅनल फिल्टर: तेल लावलेल्या सुती जाळीचा, कंपनीच्या डब्यात (एअरबॉक्समध्ये) कागदी फिल्टरच्याच जागी बसणारा. दुसरा शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर: मूळ डबा काढून नळीच्या टोकाला उघडा बसवला जाणारा. जाळी बहुधा दोन्हींत सारखीच असल्यामुळे महागडा कोन म्हणजे जास्त ताकद असा समज होतो, पण खरा फरक हवा कुठून घेतली जाते यात आहे.

इंजिनाची ताकद आत शिरणाऱ्या हवेच्या वजनावर ठरते, कारण एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि तापलेली हवा विरळ असते. कंपनीच्या डब्याची नळी साधारणपणे गाडीच्या पुढच्या ग्रिलजवळून बाहेरची हवा घेते. उघडा कोन मात्र रेडिएटर आणि एक्झॉस्टने तापलेली बॉनेटखालची हवा ओढतो. वैशाखात बाहेर ४० अंश आणि बॉनेटखाली ६० अंश असतील, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे ६ टक्के हवा कमी मिळते. विजयनगर चौकात सिग्नलला थांबलेल्या गाडीत हा तोटा सर्वाधिक असतो. कोन लावल्यावर गाडी ‘उठते’ असे जे वाटते, त्यात हवा शोषण्याच्या वाढलेल्या आवाजाचा वाटा मोठा असतो, कारण मूळ डबा तो आवाज दाबण्यासाठीही घडवलेला असतो. उष्णतेपासून आडोसा, बाहेरून येणारी थंड हवेची नळी आणि ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग एवढे सगळे केले, तरच कोनाला अर्थ आहे.

पॅनल फिल्टर हे नुकसान करत नाही, मात्र त्याच्याकडूनही चमत्काराची अपेक्षा नसावी. १.२ लिटरचे फोर स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त ३,६०० लिटर हवा घेते, आणि कंपनीचा कागदी फिल्टर तेवढी गरज धरूनच आखलेला असतो. शहरात हलक्या पायाने चालवताना पेट्रोल इंजिनाची हवा मुख्यतः ॲक्सिलरेटरने उघडणारी थ्रॉटलची झडप अडवते, त्यामुळे मायलेज वाढण्याचे कारण उरत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत आधुनिक पेट्रोल गाड्यांचा फिल्टर तुंबवूनही इंधनाचा खप लक्षणीय वाढला नाही. कमी झाला तो पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावरचा उठाव. धुळ्याच्या रस्त्यावरील बिजासन घाटासारखा चढ भरल्या गाडीने चढतानाच फिल्टरचा काही फरक पडू शकतो, आणि तुंबलेल्या फिल्टरऐवजी नवा कागदी फिल्टर घातला तरी तो उठाव परत मिळतो.

माझ्या मते माळव्यात खरी चिंता धुळीची असावी. गव्हाची काढणी, थ्रेशर, उकरलेले रस्ते यांतून उडणाऱ्या धुळीतले सिलिकाचे कण पिस्टन रिंगा आणि सिलिंडर कायमचे घासतात. सुती जाळी तेलाच्या भरवशावर धूळ धरते: तेल कमी पडले तर धूळ आत जाते, जास्त झाले तर मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ते त्यावर चिकटून हवेचे मोजमाप बिघडवू शकते. म्हणून ती सांगितलेल्या द्रावणानेच धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, पुन्हा बेताने तेल लावावे लागते. गॅरेजात सर्रास जशी ‘हवा मारतात’, तशी जोरात मारली तर जाळीही खराब होते आणि कागदही फाटतो. पावसाळ्यात खाली बसवलेला कोन रस्त्यावर तुंबलेले पाणी ओढू शकतो, आणि सिलिंडरमध्ये पाणी गेले तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

रोजच्या गाडीसाठी कंपनीचा कागदी फिल्टर, धुळीच्या भागात सर्व्हिस बुकातल्या मुदतीआधी बदललेला, हीच माझी पहिली पसंती आहे. धुण्याची शिस्त पाळणाऱ्याने पॅनल घ्यावा. मात्र त्याची रबरी कड डब्यात सगळीकडून घट्ट बसते का, आणि आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणीनुसार तो किती धूळ अडवतो याचा आकडा उत्पादकाने दिला आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे.