जुनी हायब्रिड घेताय? आधी विचारा, गाडी उभी कुठे असायची

“भाऊ, गाडी घरीच उभी असते, फार चालवतच नाही,” असं विकणारा अभिमानाने सांगतो. साध्या पेट्रोल गाडीबद्दल हे ऐकून बरं वाटतं. पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या हायब्रिडबद्दल ऐकलं की, जुन्या गाड्या तपासून देणारे आम्ही सावध होतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात उघड्यावर तापणारी आणि आठ-आठ दिवस न हलणारी २० हजार किलोमीटरची गाडी आम्हाला रोज चाललेल्या ८० हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा जास्त काळजीची वाटते. हायब्रिडची मोठी बॅटरी उन्हाने आणि पडून राहण्याने लवकर म्हातारी होते. किलोमीटरचा आकडा हे सांगत नाही.

आधी खात्री करा, हायब्रिड कोणती?
सियाझ, अर्टिगा अशा बऱ्याच गाड्या ‘हायब्रिड’ म्हणून दाखवल्या जातात. त्या माइल्ड हायब्रिड आहेत. छोटी बॅटरी इंजिनाला हातभार लावते, पण नुसत्या विजेवर गाडी चालत नाही. सिटी ई:एचईव्ही आणि इनोव्हा हायक्रॉसची हायब्रिड आवृत्ती या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही अंतर नुसत्या विजेवरही चालणाऱ्या. ग्रँड विटारा आणि हायरायडर दोन्ही प्रकारांत येतात, तिथेच फसगत होते. माइल्ड गाडी वाईट नाही, फक्त स्ट्राँगच्या भावात घेऊ नका.

मागच्या सीटजवळची जाळी
अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारा पंखा मागच्या सीटजवळच्या जाळीतून केबिनची हवा ओढतो. आपल्याकडची धूळ, कुत्र्याचे केस, बाजारातून शिवून घेतलेलं सीट कव्हर, यांतलं काहीही तिथे अडकलं की बॅटरी आतल्या आत भाजत राहते. आमच्याकडे तपासायला आलेल्या एका चकचकीत गाडीत नव्या कव्हरने ही जाळी पूर्ण झाकली होती, आणि मालकाला त्याची कल्पनाही नव्हती. टॉर्च घेऊन बघा. पंखा सतत मोठ्याने घोंघावत असेल तर त्याचं कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एसी
स्ट्राँग हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो. उन्हाळ्यात त्यामुळे इंजिन वारंवार सुरू होतं. तो दोष नाही. या कॉम्प्रेसरला मात्र विशिष्ट प्रकारचं ऑइल लागतं. गॅस भरताना नेहमीचं ऑइल घातलं, तर विजेचं इन्सुलेशन बिघडून गाडी बंद पडू शकते. गॅस कुठे भरला, ते बिलासकट विचारा.

पाण्यात गेलेली गाडी
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे आपण कोणी विसरलेलो नाही. हायब्रिडची बॅटरी डिकीत किंवा सीटखाली, म्हणजे पाणी लवकर पोहोचेल अशा जागी असते. चिखल धुतला जातो, पण कनेक्टरमधला गंज वाढतच राहतो आणि बिघाड कित्येक महिन्यांनी वर येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ दिसते का पाहा. स्टेपनीचा खड्डा आणि सीटचे रूळही बघा. विम्याचे जुने क्लेम मागा. केशरी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नका, त्यांतला विजेचा दाब जीवघेणा असतो. गाडी भिजलेली निघाली, तर कितीही स्वस्त असो, आम्ही “घ्या” म्हणणार नाही.

चालवून बघताना
सकाळी, इंजिन थंड असताना जा. सेमिनरी हिल्सचा चढ यासाठी उत्तम. चढताना आणि उतरताना बॅटरीचा काटा सावकाश हलायला हवा. काही मिनिटांतच तो भरलेल्यावरून तळाला आणि परत वर उड्या मारत असेल, तर बॅटरी दमली आहे. आम्ही त्याच चढावर गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर लावतो. बॅटरीचे आतले गट त्यावर वेगवेगळे दिसतात आणि जोर पडल्यावर एखादाच गट खाली कोसळतो का, ते कळतं. विक्रीआधी फॉल्ट कोड (गाडीने नोंदवलेल्या बिघाडाच्या खुणा) पुसले असतील, तर गाडीची स्वतःची तपासणी अपूर्ण राहिलेली दिसते. मग दोन-चार दिवसांनी पुन्हा बघावं लागतं. त्या फेरीचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

वॉरंटी
वर सांगितलेल्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला कंपनीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, यांपैकी जे आधी होईल ते. मोजणी पहिल्या विक्रीपासून होते. डिसेंबर २०२२ मध्ये घेतलेली गाडी आज घेतलीत, तरी मुदत डिसेंबर २०३० पर्यंतच. सर्व्हिसची नोंद पूर्ण आहे का आणि वॉरंटी तुमच्या नावावर चालू राहील का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. तोंडी “हो” वर बयाणा देऊ नका.

गाडी आम्हाला दाखवताना आरसी, विम्याची पॉलिसी आणि सर्व्हिसची बिलं सोबत ठेवा. आदल्या रात्रीपासून इंजिन सुरू करू नका असं विकणाऱ्याला सांगा, आणि शक्य असेल तर गाडी जिथे उभी असते तिथेच आम्हाला बोलवा.