प्रवाळ डिंभांचे स्थिरीकरण

प्रवाळ डिंभांचे स्थिरीकरण : पाण्यात तरंगणारा प्रवाळाचा डिंभ (अळीसारखी बाल्यावस्था) समुद्रतळावर जागा शोधतो, तिला कायमचा चिकटतो आणि त्याचे रूपांतर पॉलिपमध्ये, म्हणजे प्रवाळाची वसाहत ज्या छोट्या प्राण्यांची बनते तशा एका प्राण्यात, होते. या प्रक्रियेला स्थिरीकरण म्हणतात. प्रौढ प्रवाळ जागचा हलत नाही. त्यामुळे वादळाने किंवा उष्णतेने उजाड झालेली प्रवाळभित्ती पुन्हा वसायची, तर सारी भिस्त जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या या डिंभांवर असते. तुटलेल्या फांदीपासूनही काही प्रवाळ वाढतात, पण ती जुन्याच वसाहतीची हुबेहूब आवृत्ती असते. नवे जनुकीय मिश्रण डिंभांतूनच येते.

या प्रक्रियेचा सर्वांत बारकाईने अभ्यास ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, विशेषतः ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळावर झाला आहे. बहुतेक प्रवाळ आपले डिंभ पोटातच वाढवतात, असा पूर्वी समज होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील संशोधकांना वेगळेच दृश्य दिसले : वसंत ऋतूच्या अखेरीस, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत डझनावारी जाती एकाच वेळी अंडी व शुक्रपेशींच्या गुलाबी गाठोळ्या पाण्यात सोडतात. अंड्यांतील मेदामुळे गाठोळ्या पृष्ठभागावर येतात, तिथे फुटतात आणि फलन होते. पोटात डिंभ वाढवणाऱ्या जातीही आहेत. पॉसिलोपोरा डॅमिकॉर्निस हे त्याचे परिचित उदाहरण होय.

फलनानंतर दोन-तीन दिवसांत प्लॅन्युला नावाचा लांबट डिंभ तयार होतो. त्याच्या अंगभर पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्या हालचालीने तो पोहतो. सुरुवातीला तो पृष्ठभागाजवळ राहतो. ॲक्रोपोराच्या डिंभाला तोंड असले तरी तो मुख्यतः अंड्यातून मिळालेल्या मेदावर जगतो. साधारण चार-पाच दिवसांनी तो स्थिरावण्यास सक्षम होतो आणि तळाकडे वळतो. मनासारखी जागा न मिळाल्यास त्याला थांबताही येते. पॉसिलोपोराच्या डिंभांमध्ये जन्मतःच सहजीवी शैवल, म्हणजे प्रवाळाच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवल असते. प्रयोगशाळेत ते १०० दिवसांनंतरही स्थिरावलेले आढळले आहेत. समुद्राचे पाणी तापले की वाढ लवकर होते, डिंभ लवकर सक्षम होतो आणि जन्मस्थानापासून फार दूर जात नाही.

जागेची निवड हा या साऱ्या प्रक्रियेचा गाभा आहे, कारण ती एकदाच करता येते. डिंभ तोंडाच्या विरुद्ध बाजूचे टोक पुढे करून गिरक्या घेत पोहतो आणि त्याच टोकाने खडक चाचपतो. प्रकाश, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि खाचा यांना तो प्रतिसाद देतो. काही जातींचे डिंभ गजबजलेल्या प्रवाळभित्तीच्या आवाजाकडे वळतात, असेही कॅरिबियन समुद्रातील प्रयोगांत दिसले आहे. मात्र सर्वांत प्रभावी ठरते ती रासायनिक खूण. खडकावर गुलाबी-जांभळ्या पापुद्र्यासारखी पसरणारी चुनखडीयुक्त लाल शैवले आणि त्यांच्यावर राहणारे जीवाणू ही खूण देतात. काचेच्या ताटलीत सक्षम डिंभ सोडून अशा शैवलाचा नखाएवढा तुकडा ठेवला, तर एका दिवसात त्यातील अनेक डिंभ त्याच्यावर किंवा त्याच्या आसपास चिकटलेले दिसतात. स्वच्छ, रिकाम्या ताटलीतले डिंभ मात्र पोहतच राहतात. सर्व शैवले सारखी नसतात. टायटॅनोडर्मा या शैवलाला ॲक्रोपोराचे डिंभ ठळकपणे पसंती देतात आणि त्यावर ते अधिक जगतातही.

एकदा चिकटला की डिंभ आखूड होऊन चपटा पडतो. या चकतीवर मध्यापासून कडेकडे जाणारे सहा मुख्य कप्पे उमटतात, मधोमध तोंड उघडते व भोवती शुंडके फुटतात. खालच्या बाजूने ॲरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा थर साचू लागतो. हा पहिला सांगाडा. ॲक्रोपोरासारख्या बहुसंख्य जातींना सहजीवी शैवल यानंतरच्या दिवसांत सभोवतालच्या पाण्यातून आणि गाळातून मिळवावे लागते. पुढे मुकुलनाने, म्हणजे अंगावर अंकुर फुटून, पॉलिपची संख्या वाढत जाते. शेजारी चिकटलेले डिंभ काही वेळा एकमेकांत मिसळून एकच वसाहत बनवतात. अशी वसाहत सुरुवातीलाच मोठी असल्याने तिच्या तगण्याची शक्यता वाढते.

स्थिरावणे म्हणजे वाचणे नव्हे. पहिल्या वर्षात बहुसंख्य पॉलिप मरतात. मोठी वसाहत अंगावरचा गाळ झटकू शकते, पण मिलिमीटरभराचा पॉलिप त्याखाली गुदमरतो. उथळ पाण्यात डिंभ कपारी आणि खडकाची सावलीतली बाजू पसंत करतात. तिथे गाळ कमी साचतो आणि खरवडून खाणाऱ्या माशांचे तोंड पोहोचत नाही. तरीही हेच मासे प्रवाळाला हवेतच, कारण ते मोकाट वाढणारी शैवले काबूत ठेवतात. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात शैवले खाणारे लांब काट्यांचे काळे समुद्री अर्चिन रोगाने ९० टक्क्यांहून अधिक मेले. त्यानंतर अनेक भित्तींवर शैवलांचे रान माजले आणि डिंभांना चिकटायला मोकळा खडक उरला नाही.

डिंभांची आवक मोजण्यासाठी भित्तीवर चकाकी नसलेल्या मातीच्या फरश्या काही आठवडे लावून ठेवतात. मग त्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली सांगाडे मोजतात. ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६ व २०१७ च्या विरंजनात (उष्णतेमुळे सहजीवी शैवल गमावून प्रवाळ पांढरे पडण्यात) प्रौढ प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. त्यानंतर २०१८ मध्ये ही आवक पूर्वीच्या तुलनेत ८९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जनक वसाहतीच उरल्या नाहीत, तर चांगला खडकही रिकामाच राहतो.

लक्षद्वीपच्या भित्तींवर वेगळी अडचण दिसली. २०१० च्या विरंजनानंतर अनेक नवे पॉलिप मेलेल्या ॲक्रोपोराच्या मेजासारख्या सांगाड्यांवर वसले आणि हे ठिसूळ सांगाडे लाटांनी कोसळले की त्यांच्यासोबत गेले. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती मालवणच्या उथळ पाण्यात आणि विजयदुर्गपासून दूर समुद्रात आंग्रिया बँकेवर प्रवाळ आहेत. पैकी मालवणसारख्या किनाऱ्यालगतच्या जागी पावसाळ्यात जमिनीवरून येणारा गाळ मोठ्या वसाहतींपेक्षा नव्या पॉलिपना अधिक जाचक ठरू शकतो. संरक्षणाचा विचार करताना नुसत्या मोठ्या वसाहती मोजून भागणार नाही.

डिंभ मुद्दाम वाढवून सोडण्याचे प्रयत्नही झाले आहेत. फिलिपिन्समध्ये बोलिनाओ परिसरात स्फोटके लावून केलेल्या मासेमारीने खराब झालेल्या भित्तीवर २०१३ मध्ये ॲक्रोपोराचे डिंभ जाळीच्या आवरणाखाली काही दिवस कोंडून स्थिरावू दिले. वाचलेल्या वसाहती तीन वर्षांत स्वतः प्रजनन करू लागल्या. सोडलेल्या डिंभांपैकी फारच थोडे प्रौढ झाले, पण भित्ती पुन्हा वसण्यास तेवढे उपयोगी पडतात. गाळ आणि शैवलांनी झाकलेल्या खडकावर मात्र कितीही डिंभ सोडले तरी हा उपाय चालत नाही.