हात ‘बधिर’ होतो म्हणजे काय: कुष्ठरोगाचा शब्द लकव्याला

विदर्भातल्या खेड्यात हाताला काही कळेनासं झालं की ‘हात बधिर झाला’ किंवा ‘सुन्न पडला’ म्हणतात. या शब्दांना इथं वैद्यकीय वजन आलं ते कुष्ठरोगाच्या कामातून. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांची वसाहत सुरू झाली, वरोऱ्याजवळ १९५१ मध्ये. १९५५ पासून सरकारी नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९८३ पासून निर्मूलनाचा. दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी दोन पिढ्यांना एकच परीक्षा शिकवली: डोळे मिटा, पेनाचं टोक जिथं टेकलं तिथं बोट ठेवा. बोट ठेवता आलं नाही तर चट्टा बधिर.

कुष्ठरोगासाठी ही परीक्षा चोख होती. त्यात जंतू कातडीतल्या आणि कोपर, मनगट, गुडघ्याजवळच्या नसांना इजा करतात, म्हणजे निरोप निघतानाच अडतो. उष्ण-थंड आणि वेदना सांगणारे बारीक तंतू बहुधा आधी जातात, म्हणून चुलीवरचं भांडं उचलताना हात भाजतो आणि माणसाला फोड दिसल्यावरच समजतं.

पुढे लकव्याची संख्या वाढली. गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातले मृत्यू नोंदवले गेले, तेव्हा सर्वाधिक, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले. जे वाचतात त्यांच्या हाताविषयी घरात पहिला प्रश्न असतो: हलतो का? दुसरा, विचारलाच तर: बधिर आहे का? आणि तपासणीही बहुधा तीच जुनी, पेन टेकवण्याची.

घोळ इथंच आहे. लकव्यात कातडी शाबूत असते, नसाही शाबूत असतात. तळहातात स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार तंतू पूर्वीसारखेच निरोप पाठवतात. बारीक स्पर्शाचे निरोप मज्जारज्जूतून त्याच बाजूनं वर चढतात, मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात आणि थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या निरोप-ठाण्यामार्गे मेंदूच्या वरच्या भागातल्या एका पट्टीत पोचतात. वेदनेचे निरोप मज्जारज्जूत शिरल्यावर लगेच बाजू बदलतात. लकवा बहुतेक वेळा या वाटांच्या वरच्या टोकाला, मेंदूत इजा करतो. ‘बधिर’चा मूळ अर्थ बहिरा. तो धरून पाहिलं तर कुष्ठरोगातली कातडी मुकी असते आणि लकव्यातला मेंदू बहिरा. शब्द लकव्यालाच जास्त शोभतो, पण तो वापरला गेला दुसऱ्या रोगाला, आणि त्याच्यासोबत तपासणीही तिकडचीच आली.

हे नुसतं शब्दांचं प्रकरण नाही. वेचणीला बसलेली बाई कापूस हाताळताना न बघता सरकी, पाला आणि बोंडाचं टोचणारं टोक वेगळं करते. लकव्यानंतर तिच्या हातावर पेन टेकवलं तर कित्येकदा ती बरोबर सांगेल, ‘इथं लागलं.’ डोळे मिटून मुठीत सरकी दिली तर मात्र काहीतरी आहे एवढंच कळेल, काय आहे ते कळणार नाही. कागदावर ‘संवेदना आहे’ अशी नोंद होते आणि घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आला. हा आरोप मला फार लागतो, कारण तो तपासणीतल्या उणिवेतून उगवतो.

आणखी एक गोष्ट सुटते. काही रुग्णांत एकेका हाताला स्पर्श केला तर दोन्हीकडचं कळतं, पण दोन्ही हातांना एकदम केला तर लकव्याकडचा स्पर्श नाहीसा होतो. एकावेळी एकच बिंदू टेकवणाऱ्या तपासणीत हे कधीच सापडत नाही.

स्पर्श जाणवणं आणि तो ओळखणं यांतला भेद वैद्यकाला जुनाच माहीत आहे. १९०३ मध्ये एका इंग्रज डॉक्टरानं स्वतःच्या हाताची नस कापून घेतली आणि संवेदना परतताना नोंदी ठेवल्या. त्यानं केलेली संवेदनांची वर्गवारी पुढे बरीच वादात सापडली. पण १९११ मध्ये त्याच्याच सहभागानं झालेल्या कामातून मेंदूच्या इजेत स्पर्श जाणवणं आणि स्पर्श ओळखणं वेगळे पडतात हे ठळक झालं. १९०६ मध्ये फ्रान्समध्ये थॅलॅमसच्या इजेनंतरच्या वेदनेचं वर्णन झालं होतं: पदर नुसता घासला तरी आग होते, आणि हे दुखणं कधी लकव्यानंतर महिन्यांनी सुरू होतं. जो हात ‘बधिर’ आहे तोच इतका दुखतो, हे घरच्यांना पटवणं कठीण जातं.

१९३७ मध्ये जागृत रुग्णांच्या मेंदूवर विजेचा हलका स्पर्श करून शरीराचा नकाशा काढला गेला. त्यात बोटांना आणि ओठांना पाठीपेक्षा कितीतरी मोठी जागा मिळाली. १९८०च्या दशकात माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की एखादं बोट गेलं तर त्याची जागा शेजारच्या बोटांकडे जाते, म्हणजे नकाशा कायमचा नसतो. स्पर्शाच्या सरावाची कल्पना या शोधांमुळे बळावली. असे अभ्यास लहान आहेत आणि निकाल संमिश्र. सरावाला यंत्र लागत नाही: परातीत ज्वारी, तिच्यात चिंचोका, नाणं, किल्ली, सरकी. डोळे मिटून लकव्याच्या हातानं एक शोधायचं, नाव सांगायचं, मग डोळे उघडून बघायचं आणि चांगल्या हातानं तीच वस्तू पुन्हा चाचपायची.