पहिले दीडशे रुपये आले, म्हणजे काम खरं?

"हॉटेलांना स्टार द्या, घरबसल्या कमवा. माझ्या खात्यात खरंच पैसे आले!" हा फॉरवर्ड नागपुरातल्या कितीतरी ग्रुपवर फिरून गेलाय. पैसे आले हे बहुतेकदा खरं असतं, म्हणूनच भल्याभल्यांचा विश्वास बसतो.

पण ते दीडशे म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. पुढे 'प्रीपेड टास्क' येतो: आधी २,००० भरा, २,८०० घ्या. तेही कधी कधी मिळतात. मग २०,००० भरले की अ‍ॅपवर ३४,००० दिसतात. दिसतात, एवढंच. तो आकडा ठगांनीच टाकलेला असतो. काढायला गेलं की, "आधी टॅक्स भरा."

इथेच तपासा. टीडीएस, म्हणजे कमाईवरचा टॅक्स, पैसे देणारा कापून घेतो, आपल्याकडून वेगळा मागवत नाही. यूपीआयवर पिन टाकण्याआधी दिसणारं नावही वाचा. बरेचदा दर वेळी वेगळाच माणूस असतो. आणि बर्डीच्या बाजारातला दुकानदार पोऱ्याला कामावर ठेवताना त्याच्याकडूनच गल्ला भरून घेतो का?

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटली तरी चॅट डिलीट करू नका, तक्रारीला तेच लागतं.