क्लच पेडलचे बिघाड

क्लच पेडलचे बिघाड : मॅन्युअल गिअरच्या गाडीत डाव्या पायाखालचं पेडल जड होणं, पोकळ लागणं, खाली जाऊन तिथेच बसणं, फार वर किंवा अगदी जमिनीजवळ पकडणं (म्हणजे तिथे क्लच लागून गाडी ओढायला लागणं), कुरकुरणं, थरथरणं, या सगळ्या तक्रारी या नावाखाली येतात. गंमत अशी की तक्रार पेडलची असली तरी बिघाड पेडलमध्ये क्वचितच असतो. पेडल फक्त निरोप पोचवतं आणि परतीचा निरोप पायाला सांगतं. त्यामुळे दुरुस्तीतला खरा प्रश्न एकच, बिघाड गिअरबॉक्सच्या बाहेर आहे का आत. बाहेर असेल तर काम थोडक्यात आटपतं, आत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि हे न तपासताच गिअरबॉक्स उतरवला जातो असं बऱ्याचदा होतं.

आधी रचना. क्लचचं काम इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणं आणि तोडणं. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, म्हणजे जड फिरती चकती, त्याला चिकटून गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली क्लच प्लेट, तिच्यावर प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमधली डायफ्रॅम स्प्रिंग, म्हणजे बशीच्या आकाराची पाकळ्यापाकळ्यांची पोलादी चकती, क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि हा दाब छोट्या गाडीतही काहीशे किलोंचा असतो. पेडल दाबलं की फोर्क, म्हणजे गिअरबॉक्सजवळची दुबेळकी दांडी, हलतो, रिलीज बेअरिंग त्या पाकळ्यांना ढकलतं, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. पेडलपासून फोर्कपर्यंत जोर न्यायचे दोन मार्ग, केबल किंवा हायड्रॉलिक. हायड्रॉलिकमध्ये पेडलजवळ मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर आणि मधल्या पाइपात ब्रेकला लागतं तेच ऑइल. काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतोच, तो बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कव्हरच्या, आत शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो आणि त्यालाच बेअरिंग जोडलेलं असतं. असा स्लेव्ह गळला तर बदलायला गिअरबॉक्स काढण्याशिवाय इलाज नाही.

आता एक हिशोब, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पेडल खाली जातं जवळजवळ वीतभर नसलं तरी 12 ते 15 सेंटिमीटर, आणि तिकडे आत प्रेशर प्लेट मागे सरकते ती जेमतेम दीड-दोन मिलीमीटर. जोर वाढवायचा म्हणून मधे प्रत्येक टप्प्यावर अंतर कमी कमी केलेलं असतं. म्हणजे केबल जरा ताणली गेली, पाइपात हवेचा बारका बुडबुडा राहिला, पेडलच्या खिळीत थोडा खड्डा पडला, की वाया जाणारं ते थोडंसं अंतर थेट त्या दीड मिलीमीटरमधून वजा होतं आणि प्लेट पूर्ण सुटत नाही. वर पायाला तेवढा फरक कळतही नाही, गिअरला मात्र लगेच कळतो.

तपासणी

सगळ्यात आधी पायाखालची मॅट बघायची. हसू नका, दुमडलेली मॅट पेडलखाली अडकून पेडल पूर्ण जात नाही आणि रिव्हर्स खरखरतो, असं होतं. मग प्ले बघायचा. पेडल हाताने हळूच दाबायचं, सुरुवातीला ते फुकट जातं आणि नंतर वजन लागतं, ते फुकटचं अंतर म्हणजे प्ले. केबलच्या गाडीत तो साधारण 10 ते 25 मिलीमीटर असतो, नक्की आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो. प्ले शून्य असेल तर बेअरिंग सतत पाकळ्यांवर टेकून राहतं आणि क्लच घसरू शकतो, प्ले फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. प्लेट झिजत जाते तसा केबलचा प्ले कमी होत जातो आणि पेडल वर वर पकडायला लागतं, म्हणून काही महिने लक्ष दिलं नाही तर चांगला क्लचसुद्धा निव्वळ ॲडजस्टमेंट नसल्यामुळे घसरून जळतो. काही केबलना आपोआप ताण धरणारी दातेरी यंत्रणा असते, तिथे हाताने काही करायचं नसतं, पण तिचे दाते झिजले की पेडल मधेच कट्‌कन सुटतं.

क्लच सुटत नाहीये का, याची परीक्षा रिव्हर्समध्ये. इंजिन आयडलवर, गाडी न्यूट्रलला, पेडल पूर्ण दाबायचं, चार-पाच सेकंद थांबायचं, मग रिव्हर्स टाकायचा. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी, नसतो त्यामुळे आतला शाफ्ट अजून फिरत असेल तर तो खरखरून सांगतो. खरखरला तर पेडल भराभर दोन-तीनदा मारून परत टाकून बघा. आता गुपचूप पडला तर हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा आहे किंवा ऑइल गळतंय, यात फारशी शंका उरत नाही. काहीच फरक नाही तर मात्र आत बघावं लागतं, वाकलेली प्लेट, शाफ्टच्या खाचांवर अडकलेली प्लेट, नाहीतर दमट हवेत खूप दिवस उभी राहून गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली.

घसरण्याची परीक्षा उलटी. मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर एकदम दाबला आणि आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा उडाला पण गाडीचा वेग तिथल्या तिथेच, तर क्लच घसरतोय. जळका वास आला तर विचारायलाच नको. पण इथेही लगेच प्लेटला दोष देऊ नये. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल परत त्याच्या छोट्या टाकीत जायला एक बारीक भोक असतं आणि पेडलची दांडी जास्त घट्ट ॲडजस्ट केली तर पिस्टन त्या भोकावरून पूर्ण मागे येतच नाही. मग ऑइल गरम होऊन फुगतं, त्याला जायला जागा नसते, दाब अडकून राहतो आणि गाडी तापली की क्लच घसरतो, थंड असताना एकदम नीट. हे ओळखायला घसरत असताना गाडी उभी करायची आणि स्लेव्हचा ब्लीडर, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, जरासा सैल करायचा, ऑइल जोरात उडालं आणि घसरणं थांबलं तर प्लेट बिचारी निर्दोष आहे. इंजिन तेव्हा तापलेलं असतं, डोळे आणि हात जपा.

जड पेडलसाठी माझ्या मते सगळ्यात उपयोगी युक्ती ही : केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक सोडवायचं आणि पेडल दाबून बघायचं. तरीही जड, तर केबल किंवा पेडलची खिळी. हलकं झालं, तर जडपणा आत आहे, म्हणजे फोर्कचा टेकू कोरडा पडलाय, बेअरिंग ज्या नळीवरून सरकतं ती खरवडली गेलीय, किंवा प्लेट झिजून झिजून डायफ्रॅमच्या पाकळ्यांचा कोन बदललाय. जुन्या प्लेटचं पेडल वर्षानुवर्षं हळूहळू जड होतं म्हणून मालकाला कळत नाही, दुसऱ्याने गाडी चालवली की तो पहिल्या सिग्नलला म्हणतो, काय रे, व्यायाम करतोस का रोज. केबल बदलताना ती जुन्याच वळणाने न्यायची, एक जास्तीचा वाक दिला तरी पेडल जड होतं. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलला तेल लागत नाही.

पेडल खाली जाऊन तिथेच राहिलं तर केबलच्या गाडीत केबल तुटली असं धरायला हरकत नाही, ती बहुधा टोकापाशी तारा एकेक सुटून तुटते आणि आधी काही दिवस पेडल खडबडीत लागतं. हायड्रॉलिकमध्ये मात्र जरा डोकं लावावं लागतं. टाकीतली पातळी उतरलीय का? उतरली असेल तर ऑइल बाहेर कुठेतरी जातंय. उतरली नाही आणि तरीही सिग्नलला पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जातं, गाडी गिअरमध्ये पुढे सरकायला बघते, तर मास्टरचं आतलं सील ऑइल मागे सोडतंय. रबरी होजवर चिमटा लावून पेडल दाबायचं, ते दगडासारखं कडक झालं तर मास्टर चांगला आणि भानगड चिमट्याच्या पुढे. गळती वगैरे काहीच नाही तरी पेडल वर येत नसेल तर पेडलच्या बैठकीतली मदतीची स्प्रिंग बघा, ती तुटलेली किंवा निसटलेली असू शकते.

माझ्या एका गाडीत सकाळी पहिला गिअर खरखर करायचा, एका गॅरेजमध्ये बोनेटसुद्धा न उघडता क्लच सेट सांगितला. घरी येऊन ड्रायव्हरच्या सीटसमोर आडवा पडलो, मान वाकडी करून पेडलच्या वर टॉर्च मारला तर दांडी जिथे इंजिनाकडच्या भिंतीत शिरते तिथल्या रबरावर ओल, बोट फिरवलं तर बुळबुळीत आणि काळपट, आणि खाली कार्पेटचा कोपरा भिजलेला. मास्टरचं मागचं सील गेलं होतं. तेव्हापासून टॉर्च आधी, पाना नंतर.

बेल हाऊसिंगच्या तळाशी थेंब दिसला तर तो कशाचा हे ओळखायला एका वाटीत पाणी घ्यायचं आणि थेंब त्यात टाकायचा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल वर तरंगतं. पहिल्यात स्लेव्ह, दुसऱ्यात क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं) मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील.

आवाजाचं गणित सोपं आहे. न्यूट्रलला पेडल दाबल्यावर आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर बंद होतो तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. नुसती कुरकुर पेडलच्याच बुशची असते, ग्रीस लावा आणि विसरा. गाडी उचलताना थरथर येत असेल तर प्लेटवर तेल, फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळे डाग किंवा सैल इंजिन माउंटिंग, आणि माउंटिंग आधी बघावं कारण ते बाहेर आहे. काही गाड्यांत पेडल पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर लागत नाही, तिथे पेडलवरचा स्विच बिघडला की माणूस बॅटरी बदलून मोकळा होतो.

दुरुस्ती

केबलची ॲडजस्टमेंट म्हणजे गिअरबॉक्सकडच्या टोकाचा लॉकनट सैल करून दुसरा नट फिरवायचा, प्ले मोजायचा, लॉकनट परत आवळायचा, आणि पेडल पाच-दहा वेळा दाबून पुन्हा मोजायचं, कारण केबल बसते आणि पहिलं माप खोटं निघतं.

हायड्रॉलिकची हवा काढायला दोन माणसं लागतात. टाकी भरलेली ठेवायची, स्लेव्हच्या ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. वरचा पेडल दाबून धरतो आणि सांगतो, खालचा ब्लीडर उघडतो, बुडबुडे निघतात, ब्लीडर बंद, मग पेडल सोडायचं, याच क्रमाने. बंद करायच्या आधी पेडल सोडलं तर नळीतून हवा परत आत, आणि सगळी मेहनत पाण्यात. लाइन रिकामी असताना पेडल खालीच राहतं, त्याला पायाचा चवडा मागे लावून वर ओढावं लागतं, यात घाबरण्यासारखं काही नाही. मधेमधे टाकी बघत राहा, ती रिकामी झाली की वरूनच हवा ओढली जाते.

ऑइल झाकणावर लिहिलेलंच घालायचं. डॉट 3 आणि डॉट 4 या ब्रेक ऑइलच्या दोन प्रती, दोन्ही हवेतलं पाणी शोषतात, ताज्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो तो पाणी शोषल्यावर 155 पर्यंत उतरलेला चालतो असं मानक सांगतं, म्हणून अर्धी उघडी पडलेली जुनी बाटली वापरू नये. खनिज तेल चुकून पडलं तर रबरी सील फुगतात आणि मग सगळेच सील बदलायची वेळ येते. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, पुसू नका नुसतं.

अजून एक. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते आणि क्लचची नळी मुद्दाम वरच्या बाजूला काढलेली असते, म्हणजे पातळी उतरली तर आधी क्लच पोकळ व्हावा, ब्रेकला ऑइल शिल्लक राहावं. तेव्हा क्लच पोकळ लागला तर टाकीत ऑइल ओतून निघून जाऊ नका, चारही चाकं आतून बघा, गळती ब्रेकची असू शकते.

गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलतात, आतला स्लेव्ह असेल तर तोही. नवीन आतला स्लेव्ह हातात किंवा नुसता बसवलेला असताना पेडल मारून बघायचा मोह टाळा, समोर अडवायला पाकळ्या नसतात आणि पिस्टन बाहेर निघून येतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा, आणि आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं. काढलेली प्लेट फेकण्याआधी नीट बघायची. रिव्हेट उघडे पडलेत म्हणजे तिचं वय झालं होतं, एका बाजूलाच झिज म्हणजे काहीतरी सरळ बसलेलं नाही, आणि कडेला काळा चिकट पट्टा म्हणजे तेल आलंय. तेल आलं असेल तर क्रँकचं मागचं सील त्याच वेळी बदलावं, नाहीतर नवीन प्लेटही थोड्याच दिवसांत तशीच काळी होऊन बाहेर येते.