उड्डाणपूर्व तपासणी (ड्रोन)

ड्रोन हवेत सोडण्याआधी यंत्र, जागा, वारा आणि परवानगी यांची वैमानिकाने स्वतः करायची पडताळणी. आज उडवायचा की पेटी बंद करून परत न्यायचा, हा निर्णय तिच्यातूनच निघतो.

भारतात ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत. सरकारच्या ड्रोन नकाशावर हिरव्या रंगात, म्हणजे उड्डाणाला खुल्या दाखवलेल्या क्षेत्रात १२० मीटर (४०० फूट) उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उडवता येत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नसले, तरी लाल क्षेत्र त्यालाही लाल क्षेत्रच असते.

यंत्राची तपासणी बोटांनी होते. पात्याच्या कडेवरून नख फिरवले की डोळ्यांना न दिसलेली चीर लागते. लिथियम पॉलिमर बॅटरी सपाट फरशीवर ठेवून पाहावी. डुगडुगली तर ती फुगली आहे, चार्ज पूर्ण दाखवत असली तरी बाद. गच्चीवरून उडवताना स्लॅबमधल्या सळ्या होकायंत्राला चकवतात, म्हणून मोकळी जमीन बरी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते ‘रिटर्न टू होम’कडे. संपर्क तुटल्यावर ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवरून, उड्डाणाच्या वेळी नोंदलेल्या जागी परततो. ती उंची ३० मीटर आणि वाटेत ४० मीटरचा टॉवर असेल, तर अडथळे ओळखणारे सेन्सर नसलेला ड्रोन सरळ त्यावर आदळेल. कोकणात होडीतून चित्रीकरण करताना वेगळीच गंमत होते: होडी पुढे गेलेली असते, ड्रोन मात्र नोंदलेल्या जागी, म्हणजे थेट पाण्यात, शिस्तीत उतरतो.

वाऱ्याचा हिशेबही परतीचाच करायचा. जाताना वारा पाठीशी असला की बॅटरी पुरेशी वाटते. येताना तोच वारा समोरून येतो आणि वर त्याचा जोर खालच्यापेक्षा बहुधा जास्त असतो. संक्रांतीच्या दिवसांत पतंगांचा मांजा आणि एरवी घारी, हे आकाशातले स्थानिक अडथळे.

लग्नाच्या चित्रीकरणात तपासणी पुरी होण्याआधीच ‘वरात निघाली, सोडा लवकर’ असा घोशा सुरू होतो. अशा वेळी गर्दीवरून न उडवता मैदानाच्या कडेने शॉट घेणारा वैमानिक यजमानांना भित्रा वाटतो. त्याने ते वाटू द्यावे.